कृपांक

पार्ल्याला, फरसाणच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात
नेरूरकर सर माझं आयुष्य डावीकडून उजवीकडे वाचतात.
दहावी अठ्ठ्याऐंशी. छान.
बारावी एकाहत्तर. हं.
पदवीशी येऊन चष्मा काढतात, सदऱ्याला पुसतात,
जणू काच स्वच्छ झाली की आकडा वाढेल.

चोपन्न पूर्णांक तीन.
तिसऱ्या सेमिस्टरला चार केटी.
थर्मोडायनॅमिक्सच्या गुणांपुढे एक बारीक चांदणी,
खाली तळटीप : चांदणी म्हणजे कृपांक.
कलिन्यात कुठेतरी बसून, माझं नाव न बघता,
कुणीतरी माझ्यावर तीन गुणांची कृपा केली होती.
देवाने कधी इतकं लेखी दिलं नाही.

अहमदाबाद सोडा, सर म्हणतात. बंगळूर सोडा.
आणि माझे शहाण्णव पर्सेंटाइल?
शहाण्णव हा आत्ताचा पाटकर,
चोपन्न हा एकोणीस वर्षांचा.
मुलाखतीला दोघांनाही बोलवावं लागतं,
आणि खुर्ची एकच असते.
टक्क्यात सांगा, सर.
ते खिडकीतून खाली बघतात. शेव तळल्याचा वास येतो.
पंधरा, म्हणतात. मग, वीस धरा.
हे वरचे पाच कुठून आले, मी विचारत नाही.

मग अर्जातली रिकामी चौकट :
काही स्पष्टीकरण द्यायचे असल्यास. अडीचशे शब्द.
'त्या वर्षी घरात कुणी वारलं होतं का?'
इतक्या मऊ आवाजात विचारतात
की हो म्हणावंसं वाटतं.

कुणी नाही वारलं, सर.
बाबा रोज वडाळा डेपोत वेळेवर हजर होते,
आईचा गुडघासुद्धा तेव्हा दुखत नव्हता.
आजोबा गेले ते सहाव्या सेमिस्टरला,
आणि तेव्हाच मला सगळ्यात जास्त गुण पडले.
मी एकोणीस वर्षांचा होतो आणि दुपारी झोपत होतो.
उरलेल्या वेळात हॉस्टेलच्या गच्चीवर
दुसऱ्याच्या कबुतरांना नावं देत होतो.
कंटाळा होता, सर.
त्याचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?

संध्याकाळी घोडपदेवला, कामावर.
चार हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात.
मी लागलो तेव्हा महिन्याला तीनशे हरवायच्या,
आता अकरा हरवतात.
सरांनी या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.

हसीनाबी ट्यूबलाइटखाली एकेक चादर ताणून धरते
आणि तीन ढीग करते :
पलंगाला, शिलाईला, फरशीला.
बीटाडिन निघतं. रक्त गार पाण्यात निघतं,
गरम लावलंत की कायमचं बसतं.
गंज काही केल्या जात नाही.
गंजाची कुठे टाकतेस, मी विचारलं.
'डाग कुठंय ते बघते.
कडेला असला तर गादीखाली खोचायचा, जाते पलंगावर.
मधोमध असला तर पेशंट घाबरतो.'

माझा मधोमध आहे.

रात्री पावणेबारा. बाबांचं घोरणं, फ्रिजचं घोरणं.
'कौटुंबिक अडचणींमुळे' असं लिहितो आणि खोडतो.
त्यासाठी आजोबांना दीड वर्ष आधी मारावं लागेल,
आणि ते कुठेच कधी वेळेआधी गेले नाहीत,
लग्नाच्या पंगतीलासुद्धा.

तिसऱ्या सेमिस्टरला मी अभ्यास केला नाही.
चौकटीखालचा आकडा सांगतो : दोनशे चव्वेचाळीस शब्द शिल्लक.
फी बावीसशे, परत मिळणार नाही.

इतक्या जागेत काय करायचं सुचत नाही.
मग मी त्या अकरा चादरींबद्दल लिहायला घेतो,
ज्या अजून सापडलेल्या नाहीत.